तीन दिवसांच्या बाटलीत भीमा मावत नाही

वाहतं पाणी आपोआप शुद्ध होतं, हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगावं लागत नाही. घाटावर बसलेला म्हातारा ते म्हणतो, सभेत पुढारी म्हणतो, बैठकीत अधिकारीही म्हणतो. ते खोटं नाही. नदीत स्वतःला स्वच्छ करण्याची ताकद असते, ती मोजता येते, आणि १९२५ साली अमेरिकेतल्या ओहायो नदीवर स्ट्रीटर आणि फेल्प्स या दोघांनी तिचं समीकरणही मांडलं. माझा आक्षेप वेगळा आहे. पुण्यापासून कर्नाटकच्या हद्दीपर्यंतचा सगळा भार आपण या ताकदीवर टाकला. ती ताकद ज्या गोष्टींवर उभी असते त्या एकेक करून काढून घेतल्या. आणि भार किती पडला हे तपासायला जी कसोटी वापरतो, ती या नदीच्या मापाची नाही. म्हणून माझी मागणी अशी की भीमेत, उजनी धरणात आणि सोलापूरच्या नळात विरघळलेला सेंद्रिय कार्बन दरमहा मोजला जावा आणि तो आकडा लोकांसमोर ठेवला जावा.

मागणी कोरडी वाटते, हे मला कळतं. पाणी काही दिवसांआड येणाऱ्या शहरात कार्बनचं काय घेऊन बसलात, असंही कुणी म्हणेल. पण पाणी किती आणि कधी येतं यावर आपण इतकं बोलत आलो की त्यात काय येतं हा प्रश्न मागेच राहिला.

नदीचं पाणी ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळलं की गाळ, शेवाळाचे कण, बहुतेक जिवाणू वर राहतात. खाली उतरलेलं पाणी डोळ्यांना नितळ दिसतं, तरी त्यात सेंद्रिय पदार्थ विरघळलेले असतात. सह्याद्रीतल्या पाल्यापाचोळ्याचा अर्क, काळ्या रानातला ह्यूमस, गावोगावचं सांडपाणी, साबण, मळी, रंगाऱ्यांकडचं पाणी, शेवाळाने बाहेर टाकलेली साखर, असं सगळं त्यात येतं. या साऱ्यातला कार्बन म्हणजे विरघळलेला सेंद्रिय कार्बन. सांडपाण्याचा ओघ नसलेल्या नदीत तो साधारणपणे लिटरला काही मिलिग्रॅमच असतो. एवढ्याशा आकड्यावर नदीतल्या प्राणवायूचा, माशांचा आणि पुढे आपल्या जलशुद्धीकरण केंद्राचा हिशेब ठरतो.

हा कार्बन मोडतो कसा? मुख्य काम जिवाणूंचं. ते आधी सोपं ते संपवतात. साखर, अमिनो आम्लं, छोटी सेंद्रिय आम्लं काही तासांत किंवा दिवसांत फस्त होतात. मोठे रेणू पेशीत शिरतच नाहीत; जिवाणू बाहेर विकरं (एन्झाइम) सोडून त्यांचे तुकडे करतात आणि मग ते आत घेतात. लाकडाला कडकपणा देणाऱ्या लिग्निनपासून आलेले, वलयांचे, गुंतागुंतीचे रेणू आठवडे, महिने, कधी वर्षं तसेच राहतात. ज्याच्या गोठ्यात जनावरं आहेत त्याला हे लगेच समजेल. कडबा टाकला की गाय आधी पानं ओढते, मग कोवळी ताटं, आणि दावणीत शेवटी बुडख्यांचं चघळ उरतं. नदीतही वरच्या अंगाला पानं संपतात आणि खालच्या गावांच्या वाट्याला चघळ येतं. जगभरच्या नद्या आणि तलावांच्या नोंदी एकत्र केल्यावर हेच दिसलं आहे: पाणी जितका जास्त काळ साचून राहतं, तितका त्यातल्या कार्बनच्या विघटनाचा वेग मंदावत जातो.

या चघळावर दुसरा कामगार लागतो, तो म्हणजे ऊन. अतिनील किरणं वलयाचे रेणू फोडतात. काही कार्बन थेट कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत जातो, उरलेल्याचे छोटे तुकडे पडतात आणि ते जिवाणूंना खाता येतात. म्हणजे जिवाणूंनी सोडून दिलेलं ऊन मऊ करतं आणि पुन्हा जिवाणूंच्या पुढ्यात टाकतं. सोलापूरइतकं ऊन फार कमी नद्यांना मिळत असेल. पण ही किरणं गढूळ, रंगीत पाण्यात काही सेंटिमीटरच्या पलीकडे फारशी उतरत नाहीत. वर जलपर्णीची चादर असेल तर तेवढीही नाही.

तिसरी जागा वाळूची. तिच्याकडे मी पुढे येतो, कारण तिच्याशी आपण सर्वांत वाईट वागलो आहोत.

आधी प्राणवायूचा हिशेब. एक मिलिग्रॅम कार्बनचं पूर्ण विघटन व्हायला सुमारे २.६७ मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. ३० अंश तापमानाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. २० अंशांना हाच आकडा नऊच्या वर असतो. म्हणजे आपल्या उन्हाळ्यात एक लिटर पाण्याजवळची सगळी पुंजी तीन मिलिग्रॅमपेक्षा कमी कार्बनला पुरते. त्यापुढचा प्राणवायू हवेतून, पृष्ठभागावाटे, सावकाश यावा लागतो. पाणी खडकांवरून खळाळत गेलं तर लवकर येतो. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागे तुंबून राहिलं तर फार उशिरा. उन्हाने जिवाणूंची भूक वाढते आणि त्याच उन्हाने पाण्यातला प्राणवायू घटतो. एप्रिल-मे महिन्यांत मासे वर येऊन तडफडतात त्यामागे बहुतेक वेळा हाच हिशेब असतो. विष कालवलंच असलं पाहिजे असं नाही.

नदी म्हणजे जमिनीवरचा कार्बन समुद्रात नेऊन टाकणारी पन्हळ, असं पूर्वी धरलं जायचं. २००७ साली जोनाथन कोल आणि सहकाऱ्यांनी जगाचा ताळेबंद मांडला. दरवर्षी जमिनीवरून नद्या-तलावांत उतरणाऱ्या सुमारे १९० कोटी टन कार्बनपैकी समुद्राला ९० कोटी टनच पोचतो, असं त्यात निघालं. उरलेला वाटेत हवेत जातो किंवा गाळात गाडला जातो. पुढच्या अभ्यासांनी हवेत जाणारा वाटा आणखी वाढवला. नदी कार्बन नुसता वाहून नेत नाही, तो खाते. भीमाशंकरला उगम पावून कृष्णेमार्गे बंगालच्या उपसागराकडे जाणारी भीमाही तेच करते. तिला खायला किती घातलं आणि खायला सवड किती दिली, यावर सगळं ठरतं.

आता कसोटीकडे येऊ. नदी प्रदूषित आहे की नाही हे आपल्याकडे बीओडीवर ठरतं. पाण्याचा नमुना बाटलीत बंद करायचा, २७ अंशांना तीन दिवस ठेवायचा आणि जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला ते मोजायचं. आकडा तीन मिलिग्रॅमच्या वर गेला की तो पट्टा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित पट्ट्यांच्या यादीत जातो. २०१८च्या यादीत देशात ३५१ पट्टे होते, त्यात महाराष्ट्राचे ५३. २०२२मध्ये देशाचे ३११ झाले आणि महाराष्ट्राचे ५५. दोन्ही वेळा आपलं राज्य पहिलं. एवढी मोठी यादी या एका आकड्यावर उभी आहे.

ही चाचणी आली ब्रिटनमधून. सांडपाण्यावरच्या शाही आयोगाने १९१२च्या अहवालात ती प्रमाण केली. मुदत ठेवली पाच दिवसांची, कारण तिथल्या नद्यांचं पाणी उगमापासून समुद्राला पोचायला त्याहून जास्त वेळ लागत नाही असा हिशेब होता. पाच दिवसांनी पाणी समुद्रात गेलं की नदीपुरता प्रश्न मिटला. त्यांच्या देशासाठी ते चुकीचं नव्हतं. आपण उष्ण हवामानासाठी २० अंशांना पाच दिवसांऐवजी २७ अंशांना तीन दिवस केले, आणि तापमानापुरतं ते बरोबरच आहे. वेळेचं काय? पुण्याचं पाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत येतं तेव्हा ते समुद्राच्या दारात नसतं. उजनीची एकूण साठवण ११७ टीएमसी, त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास नुसता मृतसाठा. पावसाळ्यात आलेलं पाणी आपण पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुरवून पुरवून वापरतो. ज्या कार्बनला मोडायला दोन महिने लागतात तो तीन दिवसांच्या बाटलीत जवळपास दिसतच नाही. उजनीत मात्र त्याला दोन महिने मिळतात, आणि तिथला प्राणवायू तो तिथे खातो. बीओडी तीनच्या आत म्हणजे पाणी चांगलं, हे भीमेच्या वरच्या अंगाला कदाचित चालेल. धरणाच्या पोटात ते चालत नाही.

बाटली काय दाखवते आणि काय लपवते हे मळीच्या पाण्यात जितकं उघड दिसतं तितकं दुसरीकडे नाही. साखर कारखान्यांचा हा जिल्हा. अनेक कारखान्यांना जोडून आसवन्या (डिस्टिलरी) आहेत. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढताना साधारण दहा-बारा लिटर स्पेंट वॉश, म्हणजे उरलेलं सांडपाणी, निघतो. त्याची बीओडी चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम असते, घरगुती सांडपाण्याच्या दोनशे पट. तो बायोगॅसच्या टाकीतून काढला की बीओडीचा ऐंशी-नव्वद टक्के भाग जातो. कागदावर हे मोठं यश आहे. पण बाहेर आलेलं पाणी काचेच्या ग्लासात धरून पाहा. ते आधीइतकंच तपकिरी, पाक करपल्यावर येतो तसल्या वासाचं, प्रकाशासमोर धरलं तरी पलीकडचं बोट दिसू देत नाही. हा रंग मेलॅनॉइडिनचा. उसाचा रस तापवताना साखर आणि अमिनो आम्लं एकत्र येऊन तो बनतो आणि जिवाणूंना तो सहजी पचत नाही. बीओडीचा बहुतेक भाग गेला असं ज्याला म्हटलं त्या पाण्यात लिटरला हजारो मिलिग्रॅम कार्बन शिल्लक आहे. आसवन्यांना आता बाहेर एक थेंबही सोडण्याची परवानगी नाही, आणि तो नियम योग्य आहे. तरी गळीत हंगामात ‘मळीमिश्रित पाण्याने मासे मेले’ ही बातमी ओढ्या-नाल्यांच्या काठची गावं विसरलेली नाहीत. असं पाणी पावसाबरोबर पातळ होऊन नदीत उतरलं तर बीओडीची बाटली त्याचा फार थोडा भाग पकडेल. रंग मात्र उन्हाला अडवत पुढे जाईल.

उजनीच्या हिरव्या पाण्याची गोष्ट याहून महत्त्वाची आहे, कारण तिथे नदीचं यशच तिच्यावर उलटतं. समजा वरच्या शहरांच्या सांडपाण्यातला सगळा सोपा कार्बन दौंडच्या आधीच जिवाणूंनी खाऊन टाकला. बीओडी उतरली. पण सांडपाण्यातलं नत्र आणि स्फुरद कुठे गेलं? ते पाण्यातच राहिलं. जलाशयात पाणी थांबतं, ऊन मिळतं, आणि त्या खतावर शेवाळ माजतं. शेवाळ हवेतला कार्बन ओढून नवा सेंद्रिय कार्बन तयार करतं, जिवंतपणी थोडा पाण्यात सोडतं आणि मेल्यावर बाकीचा. वाटेत मोडलेला कार्बन धरणात नव्याने उगवतो. नेहमीच्या मैलाशुद्धीकरण प्रकल्पाची रचना मुळात बीओडी उतरवण्यासाठी असते. नत्र-स्फुरद काढायचं तर वेगळी प्रक्रिया आणि वेगळा खर्च लागतो. म्हणून पुणे आणि पिंपरी-चिंचवडला कितीही प्रकल्प उभे राहिले तरी ते खत काढत नसतील तर उजनी हिरवीच राहील, आणि आम्ही खालचे लोक ‘प्रकल्प झाले, मग पाणी का सुधारेना’ असं विचारत राहू. उत्तर बीओडीच्या तक्त्यात सापडणार नाही. दौंडला कार्बन किती आत आला आणि भीमानगरला धरणातून किती बाहेर पडला, हे शेजारी शेजारी मांडलं तर लगेच सापडेल.

हे शेवाळ मरून तळाला बसतं. उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड पाणी वर येत नाही, आणि तळाचा प्राणवायू संपतो. तिथेही विघटन थांबत नाही, पण ते वेगळ्या जिवाणूंच्या हाती जातं आणि मिथेन तयार होतो, जो शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सत्तावीसपट तापवतो. गाळातलं लोह, मँगॅनीज, स्फुरद सुटून पुन्हा पाण्यात येतं. धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरलं, की आपण काय पितो ते यावरून ध्यानात यावं. २०२४च्या उन्हाळ्यात उजनी उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेली. त्या काळात दुबार पंपिंग, तिबार पंपिंग (खाली गेलेलं पाणी दोन-तीन टप्प्यांत उचलणं) हे शब्द शहरात ज्याच्या त्याच्या तोंडी असतात. चर्चा असते ती पंपांची आणि वीजबिलाची. तळाजवळचं पाणी उचलतोय म्हणजे त्यात कार्बनही दाट असणार, हा मुद्दा कुणी काढत नाही.

आता वाळू. भीमा-सीनेच्या काठच्या कुठल्याही जुन्या माणसाला झिरा माहीत आहे. नदीचं पात्र आटलं की वाळूत हाताने खड्डा करायचा, पहिलं गढूळ पाणी उपसून टाकायचं, आणि मग हळूहळू पाझरणारं पाणी वाटीने भरून घ्यायचं. शेजारच्या डबक्यातलं पाणी हिरवं आणि दोन हातांवरच्या झिऱ्यातलं नितळ. हे कसं होतं? वाळूच्या प्रत्येक कणावर जिवाणू, बुरशी, शेवाळ यांचा पातळ चिकट थर असतो. पाणी त्या कणांमधून वाट काढत जातं तेव्हा त्यातला कार्बन हा थर धरून ठेवतो आणि खातो. चमचाभर वाळूतल्या कणांचा एकूण पृष्ठभाग काढला तर तो वर दिसणाऱ्या तेवढ्याच पाण्याच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी मोठा भरतो. उथळ नदीत विघटनाचं मोठं काम या तळातच होतं. १८२९ साली लंडनमध्ये जेम्स सिम्प्सनने शहरासाठी वाळूच्या संथ गाळण्या बांधल्या, त्यांचं कामही वाळूवरच्या असल्याच थरावर चालायचं.

आपण भीमेतून आणि सीनेतून ही वाळू उपसली. रात्रीच्या बोटी, जेसीबी, डंपर यांच्या बातम्या जिल्ह्यात रोजच्या आहेत. त्यांवर बोललं जातं ते महसूल किती बुडाला या भाषेत, फार तर विहिरींची पातळी किती खाली गेली या भाषेत. नदीचं शुद्धीकरण केंद्र ब्रासच्या भावाने विकलं जातंय, असं मी कुठल्याही पंचनाम्यात वाचलेलं नाही. उपशानंतर उरतो तो डोह. खोल, थांबलेला, तळाशी चिखल असलेला. त्यात पाणी वाळूमधून जात नाही, ऊन तळापर्यंत पोचत नाही, प्राणवायू वरच्या वितीभर थरात राहतो. वाळू परत यायला पूर लागतात, आणि वर धरण असल्यावर मोठा पूर कितीदा येणार? वाळूचोरीचा दंड ठरवताना या गमावलेल्या शुद्धीकरणाची किंमत धरावी, असं माझं ठाम मत आहे.

या सगळ्याचं टोक सोलापूरच्या नळाला आहे. शहर भीमेच्या काठी नाही. पाणी येतं ते उजनीहून शंभर किलोमीटरपेक्षा लांब जलवाहिनीने पाकणीच्या जलशुद्धीकरण केंद्रात, आणि टाकळीजवळ भीमेतून उचलून सोरेगावच्या केंद्रात. पूर्वीपासून टाकळीच्या उपशासाठी धरणातून नदीत पाणी सोडत आले आहेत, ते औज बंधाऱ्यापर्यंत यायला आठ-दहा दिवस लागतात. त्या वाटेत पाण्याची प्रचंड नासाडी होते, म्हणून जलवाहिनी हाच शहाणपणाचा मार्ग आहे, याबद्दल मला शंका नाही. पण बंद नळात ऊन नाही आणि वाळूही नाही. नदीने केलं असतं ते काम आता पाकणीच्या केंद्राला करावं लागतं. त्या केंद्राला हे काम दिलं आहे का, हे कार्बन मोजल्याशिवाय कळणार नाही.

तुरटीने गढूळपणा जातो आणि ह्यूमससारखे मोठे रेणूही काही प्रमाणात खाली बसतात. शेवाळातून आलेले छोटे, पाण्यात सहज मिसळणारे रेणू तुरटीला फारसे दाद देत नाहीत. त्यात आपलं पाणी काळ्या पाषाणाच्या प्रदेशातलं, क्षारयुक्त. अशा पाण्यात तुरटीने कार्बन काढणं आणखी अवघड जातं. मग उरलेल्या कार्बनवर क्लोरिन पडतो. १९७४ साली रॉटरडॅमच्या पाणीपुरवठ्यातले रसायनज्ञ योहानेस रूक यांनी दाखवून दिलं की नदीतल्या नैसर्गिक सेंद्रिय पदार्थावर क्लोरिनची प्रक्रिया होऊन क्लोरोफॉर्म आणि त्याचे भाऊबंद, म्हणजे ट्रायहॅलोमिथेन, तयार होतात. पाणी जितकं उष्ण, जितकं क्षारीय आणि क्लोरिनशी संपर्क जितका लांबलचक, तितके ते जास्त. सोलापूरचा मे महिना, इथलं पाणी, आणि टाक्यांमधून दिवस काढत येणारा पुरवठा यांत या तिन्ही अटी पुऱ्या होतात. दीर्घकाळ अशा पाण्याच्या वापराचा मूत्राशयाच्या कर्करोगाशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे. अमेरिकेत कच्च्या पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅमहून जास्त सेंद्रिय कार्बन असेल तर तिथल्या नेहमीच्या शुद्धीकरण केंद्राला तो ठराविक टक्क्यांनी कमी करून दाखवावा लागतो. १९९८पासूनचा नियम आहे. आपल्या २०१२च्या पेयजल मानकात ट्रायहॅलोमिथेनच्या मर्यादा आहेत, क्लोरोफॉर्मची ०.२ मिलिग्रॅम. ज्यापासून ते बनतात त्या एकूण सेंद्रिय कार्बनला मात्र त्या मानकात स्थानच नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो, कारण अर्धवट वाचून कुणी भलताच अर्थ काढू नये. क्लोरिन बंद करा असं मी म्हणत नाही. कॉलरा, कावीळ, जुलाब ही आजची, उद्याची मरणं आहेत. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते की उपपदार्थांच्या भीतीने निर्जंतुकीकरणात तडजोड करू नका. क्लोरिन हवाच. क्लोरिन टाकण्याआधी कार्बन काढा, इतकंच.

काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहराला आणखी एक मुद्दा लागू होतो. आपल्याकडे घरोघरी पिंपं, हौद, सिंटेक्सच्या टाक्या भरून ठेवतात. एक-दोन दिवसांत त्यातला क्लोरिन उडून जातो, पण कार्बन उरतो, आणि तो जिवाणूंचा चारा आहे. बॅरलच्या आतून हात फिरवला की जो बुळबुळीत थर बोटांना लागतो, तो वाळूच्या कणावरच्या थराचाच भाऊ. नदीत तो आपल्यासाठी राबतो. घरातल्या पिंपात तो रोगजंतूंना आसरा देतो. पाण्यात कार्बन कमी असेल तर हा थर उशिरा आणि पातळ धरतो. हॉलंडमधल्या काही शहरांत कार्बन इतका खाली आणतात की क्लोरिनशिवाय पाणी नळापर्यंत सुरक्षित राहतं. आपण तिथवर जाणार नाही, पण दिशा कळते.

आक्षेप दोन येतात. पहिला असा की सीओडी, म्हणजे रसायनाने सगळा सेंद्रिय पदार्थ जाळायला लागणारा प्राणवायू, मोजतातच की, मग वेगळं कशाला? सीओडी कारखान्याच्या सांडपाण्याला उत्तम. नदीच्या पातळ पाण्यात ती ओबडधोबड ठरते, क्लोराइडने बिघडते, आणि गाळातला व विरघळलेला कार्बन वेगळा सांगत नाही. थेट कार्बन मोजणारं यंत्र एका मिलिग्रॅमच्याही खालचा आकडा देतं, नमुन्याला काही मिनिटं लागतात. तेही महाग वाटत असेल तर २५४ नॅनोमीटरच्या अतिनील प्रकाशाचं शोषण मोजा. कुठल्याही विज्ञान महाविद्यालयात असणाऱ्या स्पेक्ट्रोफोटोमीटरवर ते होतं आणि वलयाच्या रेणूंचा, म्हणजे चघळाचा आणि ट्रायहॅलोमिथेनच्या कच्च्या मालाचा, चांगला अंदाज येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. आधी नाले अडवा, मग मोजत बसा. मला हा राग समजतो. वारीला लाखो माणसं चंद्रभागेत उतरतात, २०१६ साली ‘नमामि चंद्रभागा’ची घोषणा झाली, पंढरपूरच्या वाळवंटात उभ्या राहणाऱ्या माणसाला आकड्यांशी काय देणंघेणं? पण नाले अडवून पाणी ज्या प्रकल्पात न्यायचं तो कसला बांधायचा, हे आकड्याशिवाय ठरत नाही. बीओडी उतरवणारा बांधला आणि खत तसंच सोडलं तर पैसा खर्च होईल आणि उजनी हिरवी राहील. वारीच्या आधी धरणातून पाणी सोडून घाट भरतो तेव्हाही आपण विघटन वाढवत नाही, फक्त पातळ करतो. ते चार दिवसांसाठी गरजेचं असेल, पण त्याला शुद्धीकरण म्हणू नये.

तर नमुने कुठे घ्यायचे? दौंडच्या वर, भीमानगरला धरणाखाली, नीरा मिळाल्यावर नरसिंहपूरच्या पुढे, पंढरपूरच्या वर आणि खाली, टाकळीच्या उपशावर, आणि सीना जिथे भीमेला मिळते त्या हत्तरसंग-कुडलच्या संगमावर. शहरात पाकणी आणि सोरेगावच्या केंद्रांत येणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या पाण्याचे, आणि हद्दवाढ भागातल्या सर्वांत लांबच्या नळाचे, तिथे ट्रायहॅलोमिथेनसुद्धा. नदीचं काम प्रदूषण नियंत्रण मंडळाचं, धरणाचं जलसंपदा खात्याचं, नळाचं महापालिकेचं. तिघांचे आकडे एकाच तक्त्यात, मराठीत, महिन्याच्या महिन्याला लागावेत, आणि जिथे वाळूचा लिलाव निघतो तिथे त्याच्या आधीचा व नंतरचा कार्बनही त्या तक्त्यात असावा. विद्यापीठातल्या आणि महाविद्यालयांतल्या रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना २५४ नॅनोमीटरची मोजणी सहज झेपेल. सुरुवात पावसाळ्याची वाट पाहत लांबवू नये. पहिले नमुने मे महिन्यात, धरण मायनसमध्ये आणि पाणी सर्वांत हिरवं असताना घ्यावेत, कारण पाकणीच्या केंद्राला सर्वांत अवघड पाणी याच दिवसांत येतं आणि शहर सर्वांत जास्त पाणी याच दिवसांत पितं.